लाकडी डुलता घोडा घरी कसा करायचा: आधी कमान, मग तोंड

घोडा करायचा म्हटलं की जो तो आधी तोंड काढायला बसतोय. कान कसे, आयाळ कशी, डोळा कुठं, आणि खालच्या वाकड्या पट्ट्या म्हणजे रॉकर, ते काय शेवटी अंदाजानं गोल कापायचे आणि ठोकून द्यायचे. म्हणूनच कितीतरी घोडे दिसायला झकास असतात पण पोरगं बसलं की एकतर ढिम्म हलत नाहीत, नाहीतर पोरगं जरा पुढं वाकलं की त्याला घेऊनच नाकावर जातात. घोड्याचा सगळा जीव रॉकरमध्ये असतोय. तेवढं नीट जमलं तर साध्या फळीचं तोंड लावलेला घोडासुद्धा पोरं सोडत नाहीत, म्हणून मी इथं खालून वर असंच सांगत जाणार आहे, तोंड सगळ्यात शेवटी.

आधी वय ठरवा. मी देतोय ती मापं साधारण २ ते ४ वर्षांच्या पोरासाठी आहेत, म्हणजे बसायची फळी जमिनीपासून १६ इंच आणि पाय ठेवायचा दांडा तिच्या खाली ८ इंचावर. दीड वर्षाच्या आसपासचं बाळ असेल तर फळी १२ इंचावर आणा आणि मागं टेकू, बाजूला कठडा द्या, कारण त्या वयात पोरं हसता हसता मागं कलंडतात. शाळेचा युनिफॉर्म घेतल्यासारखा वाढत्या अंगाचा घोडा मात्र करू नका. पाय टेकत नसतील तर पोराला ना धड झोका घेता येतोय ना स्वतःचं स्वतः उतरता येतंय, आणि स्वतः चढून स्वतः उतरणं ही तर त्या वयातली सगळ्यात मोठी गंमत असते. मापं सगळी इंच आणि सुतात देतोय, ८ सूत म्हणजे १ इंच, वखारीत आणि मिस्त्रींशी बोलताना हीच मापं चालतात.

लाकूड. फळी, पाय, रॉकर, मान, आडपट्ट्या सगळं मिळून पाऊण घनफुटाच्या आतबाहेर बसतंय, वेस्टेज धरून १ घनफूट मागा. टिंबर मार्केटमध्ये गेलात तर पहिलं नाव सागवानाचंच निघणार, आणि सागवान उत्तमच आहे, वाळलेलं असेल तर वळत नाही, वाळवी लवकर लागत नाही. फक्त ते तेलकट असतं, त्यामुळं गोंद लावायच्या आधी जोडाची जागा थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायची आणि लगेच चिकटवायचं, नाहीतर जोड वरवर धरतोय आणि दोन वर्षांनी सुटतोय. शिवण मिळाली तर माझं मत विचाराल तर मान आणि तोंडासाठी शिवणच घ्या, वजनाला हलकी, पटाशीखाली लोण्यासारखी जात नसली तरी गुमान ऐकते आणि पावसाळ्यात फार फुगत-आकसत नाही. रॉकरसाठी बाभूळ. बैलगाडीची चाकं उगाच बाभळीची करत नव्हते, मार खायला तिच्यासारखं लाकूड नाही, फक्त कापताना ब्लेडची परीक्षा बघते. आंबा स्वस्त पडतोय, पण तो नीट वाळलेला आणि किडीचं औषध मारलेला आहे का ते विचारून घ्या, बारीक टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी हातातसुद्धा धरू नका. सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याची करायची परंपरा आहे, पांगारा हलका आणि मऊ म्हणून फळं, भाज्या, बाहुल्यांना एकदम छान, पण पोराचं वजन आणि वर दिवसभराचे झोके झेलायला तो नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळ्या, तर नकोच, स्क्रू काही महिन्यांत ढिले होतात आणि एक पावसाळा लागला की कडा फुगतात.

कारखान्यातनं निघालेल्या पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन बरेच जण आणतात, उद्यमनगर आणि एमआयडीसीमुळं आपल्या कोल्हापुरात ते सहज मिळतंय. त्यावर शिक्का बघा. एचटी असेल तर ते लाकूड उष्णतेनं किडमुक्त केलंय, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला आहे, पोरांच्या वस्तूला ते वापरू नका. शिक्काच नसेल तरी नका घेऊ. आणि जुन्या वाड्याचं सागवान, म्हणजे पाडलेल्या घराची दारं-चौकटी, हे लाकूड म्हणून सोनं आहे, चुंबक फिरवून खिळे तेवढे शोधून काढायचे. पण त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर तो घरात पॉलिश पेपरनं घासत बसू नका. जुन्या रंगात शिसं असायची शक्यता दाट, आणि घासल्यावर ती धूळ जमिनीवर बसते जिथं तेच पोरगं रांगतंय. रंगाची बाजू वखारीतच रंधा मशिनवर काढून घ्या किंवा बिनरंगाची तुळई-वासे शोधा.

कामाला हिवाळा किंवा उन्हाळा धरा, मृग लागायच्या आत गोंदकाम आणि पॉलिश दोन्ही उरकलेलं बरं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा अशी ओली असते की गोंद वाळायला दुप्पट वेळ घेतोय आणि लाकूड मापात राहत नाही. हत्यारं काय लागतील? जिगसॉ म्हणजे वाकडं कापणारी विजेची करवत, ड्रिल, एक रंधा, दोन पटाश्या, लाकडाची कानस, गुण्या आणि चार-पाच क्लॅम्प. क्लॅम्प नसतील तर ओळखीच्या मिस्त्रींकडनं मागून आणा, पण त्यांच्याशिवाय गोंदकाम करू नका.

आता रॉकर. इथं जरा थांबून समजून घ्या.

रॉकर म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. त्या वर्तुळाची त्रिज्या किती घ्यायची यावर सगळा खेळ आहे. नियम एकच, पोरगं घोड्यावर बसल्यावर दोघांचा मिळून जो वजनाचा मध्य येतोय तो त्या वर्तुळाच्या मध्यबिंदूच्या खाली पाहिजे, आणि चांगला खाली पाहिजे. खाली असला की घोडा कितीही कलला तरी वजनच त्याला ओढून परत सरळ करतंय. वर गेला की तेच वजन त्याला आणखी कलवतंय आणि घोडा पलटी. १६ इंचाच्या फळीवर १३-१४ किलोचं पोरगं बसलं तर हा मध्य जमिनीपासून साधारण १८ ते २० इंचावर येतोय. मग त्रिज्या २५ इंच घेतली तरी गणितानं चालेल असं वाटेल, पण पोरं काय गप बसून राहत नाहीत, दांड्यावर उभी राहतात, मानेवर चढतात, मागं दुसऱ्याला बसवून घेतात, म्हणून भरपूर मोकळीक ठेवायची. मी ४४ इंच त्रिज्या धरतो. ३६ च्या आत येऊच नका. उलट ६०-७० इंच केली तर पट्टी जवळजवळ सपाट होते, घोडा बारीक बारीक झटके देत हलतोय, तो लांब सावकाश झोका येत नाही आणि पोरगं दोन मिनिटांत कंटाळतंय.

आखायला दोरी वापरू नका, दोरी ताणते आणि कमान वाकडी येते. सरळ चार फुटी लाकडी पट्टी घ्या, एका टोकाला खिळा, खिळ्यापासून बरोबर ४४ इंचावर पेन्सिल बसेल एवढं भोक आणि दुसरं भोक ४२ इंचावर. गच्चीवर किंवा अंगणात एका फळकुटावर खिळा मारा, समोर ६ इंच रुंद, १ इंच जाड आणि ३८ इंच लांब फळी घट्ट ठेवा, फळीचा मध्य पट्टीच्या बरोबर समोर आला पाहिजे, आणि दोन्ही भोकांतनं एकेक रेघ ओढा. झाली २ इंच रुंदीची कमान. दोन्ही टोकं मध्यापासून १८-१८ इंचावर सरळ कापायची म्हणजे लांबी ३६ इंच. आखणी बरोबर आहे का हे तपासायला सोपा मार्ग आहे, कापलेला रॉकर ओट्यावर उभा मध्यावर तोलून ठेवा आणि टोकाच्या खालच्या कडेची उंची मोजा, ३ इंच ७ सूत आली पाहिजे. एखाद-दुसऱ्या सुताचा फरक चालतोय पण दोन्ही टोकं सारखी पाहिजेत.

लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीत धावतात आणि कमान टोकाकडं वर वळते, त्यामुळं टोकाजवळ रेषा तिरक्या कापल्या जातात आणि तिथंच रॉकर चिरायची भीती असते. म्हणून फळी निवडताना शेवटच्या ८-१० इंचात गाठ नको, चीर नको. फळी मनासारखी मिळत नसेल तर १८ एमएमचा मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला, तोही रॉकरला चालतोय, त्यात थर आडवे-उभे असल्यानं तो असा चिरत नाही. त्याच्या कडा मात्र फार जपून घासाव्या लागतात, प्लायची कुसळं बारीक आणि वाईट असतात.

दोन्ही रॉकर एकत्र कापायचे. दोन फळ्या एकमेकांवर ठेवून टोकाच्या फुकट जाणाऱ्या भागात दोन स्क्रू मारा, जिगसॉनं रेघेच्या एक सूत बाहेरनं कापा, आणि मग रंध्यानं, कानशीनं, शेवटी पॉलिश पेपरच्या लांब पट्टीनं दोन्ही एकदमच रेघेपर्यंत आणा. वेगवेगळे केले तर कितीही जपलं तरी थोडा फरक राहतोच आणि मग घोडा डुलता डुलता एका बाजूला वळत जातोय. घासून झालं की स्वयंपाकघराच्या कडप्प्यावर रॉकर ठेवा, खोलीतली लाइट बंद करा, पलीकडनं मोबाइलची बॅटरी लावा आणि हळूहळू हातानं रॉकर पुढं-मागं लोटत बघा. टेकलेल्या जागेच्या दोन्ही बाजूला उजेडाची फट एकसारखी बारीक होत जायला पाहिजे. कुठं फट मधेच रुंद झाली, किंवा हाताला टप्प असं अडकल्यासारखं जाणवलं, तर तिथं सपाट जागा राहिलीय. पेन्सिलनं खूण करा, आजूबाजूचा उंचवटा घासा, परत बघा. एक अख्खी संध्याकाळ यात गेली तरी जाऊ द्या, घोडा पुढं कितीतरी वर्षं याच कडेवर चालणार आहे.

टोकाला अडसर लावायचा. टोकापासून दीड इंच आत, खालच्या बाजूला अर्धा इंच जाडीचा लाकडी ठोकळा, गोंद आणि स्क्रूनं पक्का. ४४ च्या त्रिज्येला एवढ्या ठोकळ्यानं घोडा साधारण १३-१४ अंश कलला की थांबतोय, आणि एवढा झोका दोन-चार वर्षांच्या पोराला भरपूर होतोय. ठोकळ्याखाली चप्पलच्या सोलचं रबर चिकटवा म्हणजे टाइल्सवर खाडखाड आवाज येत नाही आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येत नाहीत. पुढच्या दोन्ही टोकांचे कोपरे मात्र चांगले गोल करा, कारण घोडा डुलत असताना धाकटं भावंड त्याच्या पुढ्यातच येऊन उभं राहणार, हे धरून चाला.

बसायची फळी २२ इंच लांब, ९ इंच रुंद, १ इंच जाड, आणि मांड्या येतात तिथं दोन्ही बाजूनं कोरून ७ इंचावर आणायची. पाय चार, प्रत्येकी १६ इंच लांब, ३ इंच रुंद, १ इंच जाड, रेषा लांबीत. पाय वरून खाली येताना बाहेर फाकले पाहिजेत, बाजूला १० अंश आणि पुढं-मागं १५ अंश, म्हणजे रॉकरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर १४ इंच तरी येतंय आणि घोडा बाजूला कलंडत नाही. हे दुहेरी तिरकं माप बघून लोक घाबरतात, पण सोपी रीत अशी की फळीच्या कडेला पायासाठी तिरकी खाच कापायची, पाय खाचेत गोंद लावून आणि ८ नंबरचे दोन २ इंची स्क्रू मारून बसवायचा, वर आलेला जादा भाग नंतर करवतीनं फळीला लागून उडवायचा. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडायचंच, नाहीतर पाय चिरतोय. स्क्रूचं डोकं दोन सूत आत बुडवून वर लाकडी गुडदी चिकटवा, पोरांच्या बोटाला लोखंड लागता कामा नये.

खाली पाय रॉकरला आतल्या बाजूनं अर्धी-अर्धी खाच पाडून बसतात, आणि तिथं गोंदाशिवाय पाव इंची कॅरेज बोल्ट टाका, नायलॉक नट (हादऱ्यानं सैल न होणारा) आतल्या बाजूला, वर प्लॅस्टिकची टोपी. शिवाजी उद्यमनगरात बोल्टच्या दुकानात हे सगळं एका जागी मिळतंय. पण थांबा, गोंद अजून लावायचा नाही. बोल्टची भोकंही पाडायची नाहीत. आत्ता नुसते क्लॅम्प लावा.

कारण आता तोल बघायचाय. मान आणि तोंडाची फळी अंदाजानं कापून तात्पुरती क्लॅम्पनं फळीवर पुढं बसवा, तोंडाचं वजन धरलं नाही तर पुढचं सगळं चुकतंय. मग १० किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आणा, कोल्हापुरात तो कुणाच्या तरी घरात असतोच, फळीवर बसायच्या जागी ठेवा, त्यावर ३-४ किलो वाळूची पिशवी, आणि दोन्ही दोरीनं गच्च बांधा. आता घोडा सपाट जमिनीवर सोडा. तो स्थिर झाला की फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवा. बुडबुडा मध्यात किंवा तोंडाची बाजू केसभर वर, हे हवंय. नाक खाली गेलं असेल तर रॉकर पायांखाली पुढं सरकवा, शेपटी खाली गेली असेल तर मागं. पाऊण-एक इंचाच्या सरकवण्यानंसुद्धा जाणवण्याइतका फरक पडतोय. मग तोंड धरून अडसराला टेकेपर्यंत खाली दाबा आणि सोडा. तो न अडखळता सात-आठ वेळा डुलून सावकाश थांबला पाहिजे. मग मागून जोरात लोटून बघा, मुद्दाम, पोरगं लोटेल त्याहून जोरात. अडसरावर आपटून परत आला तर झालं. अडसरावरनं पुढं चालला असं वाटलं तर रवा अजून दोन इंच मागं घेऊन बघा, म्हणजे बसायची जागाच मागं घ्यायचीय हे कळेल. एवढं समाधान झालं की पेन्सिलनं चारी पायांच्या खुणा रॉकरवर मारा, सोडा, भोकं पाडा, आणि मगच गोंद.

गोंदाला साधं फेविकॉल घरातल्या घोड्याला पुरतंय, घोडा गच्ची-अंगणात राहणार असेल तर फेविकॉल मरीन घ्या. क्लॅम्प रात्रभर ठेवायचे आणि पुढचा अख्खा दिवस त्यावर जोर द्यायचा नाही. दोन्ही रॉकरच्या मध्ये तीन आडपट्ट्या लागतात, पुढं, मागं आणि पायाच्या दांड्याजवळ. पट्ट्या शेजारी-शेजारी लावणार असाल तर फट एकतर ५ एमएमच्या आत ठेवा किंवा १२ एमएमच्या वर, मधली फट पोराचं बोट नेमकी धरून ठेवते.

आता तोंड, ज्याची सगळ्यांना घाई होती. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर २-२ इंचाचे चौकोन आखून त्यावर काढा. फळीपासून कानापर्यंत १५-१६ इंच, नाकापासून मानेच्या मागच्या कडेपर्यंत १० इंच, मानेचं बूड ८ इंच. कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्याखाली एकदा जाऊन उभं राहा आणि त्या घोड्याची मान बघा, कुठं भरलेली, कुठं बारीक, गाल कुठं संपतोय आणि गळा कुठं सुरू होतोय. बहुतेक घरगुती घोड्यांची मान सरळ खांबासारखी होते म्हणून ते कुत्र्यासारखे दिसायला लागतात, मान वर निमुळती आणि खाली रुंद ठेवली की नुसत्या आकारातच घोडा दिसतोय, मग डोळा एक ठिपका काढला तरी भागतंय.

मान आणि तोंड एकाच फळीतनं कापण्याचा मोह आवरा. मानेत रेषा उभ्या धावल्या तर नाकात त्या आडव्या येतात आणि घोडा एकदा जरी तोंडावर आपटला तरी नाक मोडून हातात येतंय. तोंड वेगळ्या फळीचं, रेषा नाकाच्या दिशेनं, मान वेगळी, रेषा मानेच्या दिशेनं, आणि दोन्हींचा जोड गालाच्या मागं तिरका, दोन डॉवेल, म्हणजे गोल लाकडी खुंट्या, घालून. जाडी दीड इंच पाहिजे, पाऊण इंचाच्या दोन फळ्या चिकटवून केली तरी चालते. मानेचं बूड फळीतल्या आरपार खाचेत उतरवायचं आणि खालनं दोन्ही बाजूला आडपट्टी देऊन आवळायचं, कारण पोरं घोड्यावर चढताना आणि घोडा उचलून दुसऱ्या खोलीत नेताना सगळा जोर मानेवरच काढतात.

धरायचा दांडा मानेतनं आरपार, ७ सूत जाड, दोन्ही बाजूला साडेचार इंच बाहेर. याहून जाड झाला तर छोट्या मुठीत मावत नाही. टोकं घुमटासारखी गोल करा, आणि दांडा नुसता गोंदावर सोडू नका, मानेच्या कडेतनं एक बारीक डॉवेल त्याच्यातनं आरपार घाला म्हणजे तो फिरत नाही की निघत नाही. सगळ्या कडा ३ सूत गोलाईनं मारायच्या. पॉलिश पेपर ८०, मग १२०, मग ओल्या फडक्यानं एकदा पुसून वाळू द्यायचं, त्यानं दबलेले तंतू उभे राहतात, आणि मग २२०. घासताना मास्क लावा, सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला बऱ्याच जणांना त्रास देते. शेवटी डोळे मिटून सगळ्या घोड्यावरनं हात फिरवा, खालून आतून सुद्धा, जिथं काही टोचलं तिथं परत घासायचं.

रंगाचं म्हणाल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्या आणि डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत आहे असं लिहिलेलं बघा. २०१७ पासून घरगुती रंगांना हा नियमच आहे पण सुट्या डब्यातला, लेबल नसलेला स्वस्त रंग कुणी देत असेल तर घेऊ नका. लाकडाचीच नक्षी ठेवायची असेल तर चपड्याचं पॉलिश छान दिसतंय, लाखेचंच असतं, स्पिरिट उडून गेलं की धोका नाही, फक्त पाणी सांडलं की पांढरा डाग पडतोय. दांडा आणि मानेची वरची कड पोरं हमखास चावतात, तिथं कच्चं जवसाचं तेल दोन-तीन हात आणि वर मधमाशीचं मेण, बस. हार्डवेअरच्या दुकानात बॉइल्ड म्हणून मिळतं त्या जवस तेलात लवकर वाळावं म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात, ते नको. खोबरेल तेलही नको, ते कधी वाळतच नाही, चिकट राहून धूळ धरतंय. आणि हे नीट वाचा, जवस तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. तेल वाळताना गरम होतंय आणि बोळ्याच्या आत ती उष्णता साठून कापड आपोआप पेट घेतंय. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. भुसा पडलेल्या खोलीत तर याची फार काळजी घ्या.

कान लाकडाचे करू नका, पहिल्या पडण्यात जातात आणि तुटलेलं टोक लागतंय. चामड्याचे करा. आपल्या गावात यासारखी सोपी गोष्ट नाही, सुभाषनगर किंवा पापाच्या तिकटीकडं चप्पल करणाऱ्यांकडं कातडीचे तुकडे मिळतात, तेही हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं मागा, रासायनिक रंगाचं चकचकीत नको. कान पानाच्या आकारात कापून, पाण्यात भिजवून, बोटानं दुमडून वाळवले की तसेच उभे राहतात. मानेत दोन अरुंद खाचा करून अर्धा इंच आत चिकटवा, आणि वाळल्यावर ओढून बघा, मोठ्या माणसाच्या जोरानं. आयाळ आणि शेपटीला सुती दोर उकलून घ्या. शेपटीची जुडी भोकात गोंद घालून बसवायची आणि आतनं खुंटी ठोकायची. लगाम हवाच असेल तर वीतभर, दोन्ही टोकं पक्की बांधलेली. लांब मोकळा लगाम गळ्यात अडकतोय. डोळ्याला मणी, बटण, खिळा काही नको, रंगानंच काढा. खोगीर म्हणून घोंगडीचा तुकडा फार रुबाबदार दिसतोय, पण ती मांडीला टोचते, वर मऊ सुती कापड शिवून घ्या.

घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर डुलता डुलता घोडा सरकत भिंतीपर्यंत जातोय. रॉकरच्या खालच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा उरलेली कातडी चिकटवा, सरकणं थांबतं आणि लाकूडही झिजत नाही. जिन्याजवळ, गॅलरीच्या दाराशी आणि टीव्हीच्या स्टँडजवळ घोडा ठेवू नका, चारी बाजूला दोन-दोन फूट मोकळे पाहिजेत.

एक घोडा झाला की नातेवाईक, शेजारी मागायला लागतात आणि मग विकायचा विचार येतोच. भेट द्यायला काही हरकत नाही, पण विकायचा असेल तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएस ९८७३ प्रमाणे बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह लागतंय. हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदणी असलेल्या कारागिरांना यातनं सूट आहे, म्हणून ऑर्डर घ्यायच्या आधी ती नोंदणी करून घ्या. आणि विकलेला असो की घरातला, दरवर्षी गणपती झाले की घोडा उलटा करायचा, बोल्ट आवळायचे, रॉकरच्या टोकांना आणि पायाच्या खाचांना चीर आलीय का ते नखानं चाचपायचं, अडसराचं रबर निघालं असेल तर नवीन लावायचं, दांड्याला तेलाचा एक हात द्यायचा. चीर दिसली तर गोंद भरून पुढं ढकलायचं नाही, तो रॉकर काढून नवीन कापायचा. आणि एक काढला की दोन्ही काढायचे, जोडीनंच.